बिनखुणेची अंडी

"कुणीतरी तांबड्या कोंबडीखाली चोरून अंडी सरकवली आहेत."

वैजनाथ खुराड्यासमोर गुडघे टेकून बसला होता. बोलताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. खरं तर अंगणात पाहण्यासारखं दुसरं कुणी नव्हतंच. ओट्यावर फक्त दादूशा फकीर होते. जुन्या कांबळीची घडी घालत होते.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सहा."

"जिवंत आहेत?"

"प्रश्न तो नाही, बाबा. सरकवली कुणी, हा प्रश्न आहे."

बाबांना घडी वाकडी वाटली. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

गावाच्या शिवेबाहेर चिंचेखाली दादूशांचा तकिया होता. एक मजार, दोन खोल्या, आणि नवस फेडायला आलेल्यांनी जिवंत सोडून दिलेल्या बारा-चौदा कोंबड्या. वैजनाथ चार महिन्यांपूर्वी इथे आला. शेतकी कॉलेजची पदवी होती, स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न झाले होते, तिसरा त्याने स्वतःच सोडला होता. त्याला सत्य हवं होतं. लवकर हवं होतं.

बाबांनी त्याला कोंबड्या दिल्या.

"तांबडी कुठाय?" बाबांनी विचारलं.

"ती काय."

तांबडी चिंचेखाली माती उकरत होती. तिच्याभोवती आठ पिल्लं. ती एकदा उकरायची आणि मागे सरायची, की आठही चोची खाली जायच्या. खुराड्याकडे तिने एकदाही मान वळवली नाही.

"एकवीस दिवसांपूर्वी मी स्वतः तिला अंडी उबवायला, रवणाला बसवलं," वैजनाथ म्हणाला. "नऊ अंडी. प्रत्येकावर कोळशाची रेघ. आठ फुटली, एक नासलं. तिचं काम संपलं, ती उठली. आणि ही बघा. एकावरही रेघ नाही. म्हणजे ही मागून आलेली. चार दिवसांनी, सहा दिवसांनी, कुणास ठाऊक कधी! पहिली पिल्लं निघाली की कोंबडी मागच्यांसाठी थांबत नाही. त्यांच्यात जीव अर्धा झालेला असतो आणि तसाच गार होतो. एवढं साधं ज्याला कळत नाही त्याने..."

"तू रोज बघत नव्हतास?"

वैजनाथ थांबला.

"रवणावरच्या कोंबडीला हात लावू नये," तो म्हणाला. खुराड्याच्या भिंतीवर हे खडूने लिहिलेलंही होतं. त्याच्याच अक्षरात. नियम पहिला.

"हात नको. नजर?"

"ती दाण्याला उठायची तेव्हा मी मुद्दाम लांब जायचो. बुजू नये म्हणून."

"म्हणजे तिच्याखाली काय आहे, ते तू एकवीस दिवस पाहिलं नाहीस."

"नियम होता, बाबा."

"हं."

घडी या वेळी नीट बसली. बाबांनी तिच्यावर हात फिरवला.

"मी सरकवली," ते म्हणाले.

"...तुम्ही?"

"मी."

वैजनाथ उठून उभा राहिला. गुडघ्यांना लागलेली शेणमाती त्याने झटकली नाही.

"मला खोकला झाला होता," बाबा म्हणाले. "अनसाबाई शेजारून रोज सकाळी एक अंडं आणून द्यायची. कच्चं प्या म्हणायची. सहा दिवस आणलं."

"मग प्यायचं होतं."

"कोंबडीने घातलं की तशीच घेऊन यायची. माझ्या हातात पडायचं तेव्हा ऊन ऊन असायचं." बाबांनी उजवा तळवा उघडला आणि त्याच्याकडे पाहिलं. "फोडवेना."

"मग तिला परत द्यायचं."

"तिला वाईट वाटलं असतं."

"म्हणून तांबडीखाली?"

"ती बसलेलीच होती."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं? उशिरा ठेवलेल्या अंड्याचं काय होतं ते?"

"ठाऊक होतं."

"आणि तरी?"

बाबांनी कांबळ मांडीवर घेतली.

"म्हणजे ठाऊक असताना घ्यायचं," वैजनाथ म्हणाला. "घ्यायचं, ऊब द्यायची, आशा लावायची. मग आपली वेळ झाली की पुढच्यांना घेऊन चालू पडायचं. मागचे मरेनात का! याला दया म्हणतात? मला तरी याला दुसरा शब्द सुचतो."

त्याचा आवाज चांगलाच चढला होता. कोंबडीवरून इतका आवाज कुणी चढवत नाही.

चिंचेवरचा एक कावळा उडून गेला.

त्या दिवशी गुरुवार होता. चारच्या एसटीने दादूशा गाव सोडणार होते. नदीपल्याड त्यांच्या स्वतःच्या गुरूची मजार होती. तिथे दिवा लावणारा म्हातारा वारला होता, आणि आता मागे दादूशांशिवाय कुणी उरलं नव्हतं. उरलेलं आयुष्य ते तिथेच काढणार होते. इलाही आणि महादू हे दोन जुने शिष्य त्यांच्याबरोबर जाणार होते. दोघेही नऊ-नऊ वर्षं तकियात राहिलेले. गेल्या महिन्यात बाबांनी दोघांच्या कानात दीक्षेचं नाव सांगितलं होतं. ट्रंक आणि दोन पोती घेऊन ते सकाळीच स्टँडवर जाऊन बसले होते.

वैजनाथच्या कानात बाबांनी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने इथे थांबायचं, मजारीवर दिवा लावायचा आणि कोंबड्या बघायच्या, असं ठरलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं.

"एक विचारू?" वैजनाथ म्हणाला.

"विचार."

"जावं लागणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

"म्हातारा अंथरुणाला खिळला, असा निरोप आला तेव्हाच. दसऱ्याला."

"मी दसऱ्यानंतर आलो."

"हो. आठ दिवसांनी."

"मग मला घेतलंत कशाला?"

"तू आला होतास."

वैजनाथ वाट पाहत राहिला.

"अंडी आण," बाबा म्हणाले.

त्याने सहाही अंडी खुराड्यातून काढून ओट्यावर ठेवली. बाबांनी एक उचललं, मूठ नळीसारखी केली, तिच्या तोंडाशी अंडं धरलं आणि उन्हासमोर नेलं.

"बघ."

वैजनाथने डोळा लावला. आत काळोख होता. काळोखाच्या कडेला तांबूस रेषा, बारीक, फांदीसारख्या. मग काळोख हलला. एकदाच. झोपेत माणूस पाय आखडून घेतो तसा.

त्याने डोळा तसाच लावून ठेवला.

बाबांनी एकेक करून बाकीची पाहिली. पाच भरलेली निघाली. सहाव्यातून ऊन आरपार आलं.

"हे मात्र मी प्यायला हवं होतं," बाबा म्हणाले आणि ते बाजूला ठेवलं.

"पाच," वैजनाथ म्हणाला. "पाच जिवंत आहेत." त्याचा आवाज बदलला होता. "गार पडायला लागली आहेत, बाबा. कॉलेजात अंडी उबवायचं यंत्र आहे. तालुक्याला. एखादी मोटरसायकल मिळाली तर दीड तासात..."

"बस."

"काय?"

"मांडी घालून बस. इथे, उन्हात."

तो बसला. बाबांनी पाचही अंडी त्याच्या मांडीच्या खळग्यात ठेवली, पोटाला लागून. सदऱ्याचा घोळ वर ओढला आणि त्यावर कांबळ टाकली. तीच, मघापासून घडी करत होते ती.

"कांबळीतच गुंडाळून ठेवली असती," वैजनाथ म्हणाला.

"कांबळीला स्वतःची ऊब नसते."

बाबांनी कांबळीची कड त्याच्या गुडघ्याखाली खोचली.

"ढवळी आहे ना," बाबा म्हणाले.

वैजनाथने मान खाली घातली.

ढवळी म्हणजे तकियातली पांढरी कोंबडी. ती आठवड्यापूर्वी खुडूक झाली. खुडूक कोंबडी अंडी घालायचं थांबवते आणि खाली अंडी असोत नसोत, पिसं फुलवून नुसती बसून राहते. एक खुडूक कोंबडी पिल्लांसाठी पुरे होती, ती तांबडी. ढवळीची खुडूक मोडायची, असं वैजनाथने ठरवलं.

शेजारची अनसाबाई तेव्हा कुंपणाशी येऊन उभी राहिली होती.

"मास्तर, तिच्या नाकात पीस खुपसा," ती म्हणाली होती. तो मास्तर नव्हता. पण तो आल्यापासून समजावून सांगतच होता, म्हणून तिने तेच नाव ठेवलं होतं. "पीस घाला, न्हाईतर हौदात दोनदा बुचकळा. चार दिसांत ताळ्यावर येती."

"हा छळ आहे, मावशी."

"छळ? आमच्या सासूनं जल्मभर केलं."

"म्हणून तो छळ राहत नाही का? खुडूक कोंबडीची छाती तापलेली असते. खालून वारा लागला की ताप उतरतो. एवढंच शास्त्र आहे. पीस कशाला?"

त्याने विरळ विणीचं एक डालगं आणलं आणि ढवळीला त्यात घालून अनसाबाईच्या परसातल्या शेवग्याला टांगलं. तकियात टांगली असती तर तांबडीचा आवाज ऐकून ती शांत झाली नसती. डालग्यात पेंढा नाही, आडोसा नाही. तीन दिवस. दाणा-पाणी अनसाबाईने घालायचं, पण खाली उतरवायचं नाही, असं त्याने तिला दोनदा बजावलं होतं.

आज चौथा दिवस होता.

"ती आता मोडली असेल," वैजनाथ म्हणाला. "माझी पद्धत चुकत नाही."

"बघू."

"मी आत्ता आणतो. दहा मिनिटं..."

"अनसाबाई हरभरा काढायला गेलीय. घराला कुलूप आहे, परसाला पण. आणि भर उन्हात नव्या अंड्यांवर ती बसायची नाही. अंधारून येताना ठेवावी लागतात. तिचं शेत वाटेवरच आहे, जाता जाता सांगतो."

जाता जाता.

वैजनाथने वर पाहिलं. ऊन कललं होतं. पावणेतीन झाले असतील.

"मी स्टँडपर्यंत येणार होतो," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही मला नाव सांगणार होता. आज."

"असं मी म्हणालो नव्हतो."

"...नाही. मी धरून चाललो होतो."

बाबा आत गेले. आतून पेटीचं झाकण मिटल्याचा आवाज आला. मग मोरपिसांचा झाडू खुंटीवर लावल्याचा. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्याला एक झोळी होती आणि हातात काठी. ते मजारीपाशी गेले, चौकटीला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला. तिथे त्यांना जरा वेळ लागला.

वैजनाथ पाहत होता. त्याला मान एवढीच वळवता येत होती.

"कुणी काही विचारायला आलं तर मी काय सांगू?" त्याने विचारलं. "मला काहीच येत नाही. इलाहीभाईंना दुवा येतात. महादूअण्णांना जडीबुटी येते. मला काय येतं?"

"काही अडलं तर अनसाबाईला विचार."

"कोंबड्यांचं?"

"कशाचंही."

वैजनाथ हसला. चेष्टा होत असली तर हसलेलं बरं, असं हसला. बाबा हसले नाहीत.

ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. वहाणा जुन्या होत्या. उजव्या वहाणेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. चार महिने वैजनाथने रोज सकाळी त्या वहाणा पुसून दारात ठेवल्या होत्या. सुतळी बांधलेली आहे, हे त्याला आज दिसलं.

"निदान पाया पडू द्या," तो म्हणाला आणि वाकला.

मांडीत अंड्यावर अंडं आपटलं. टक्.

तो होता तसाच थिजला. अर्धा वाकलेला.

बाबा खाली बसले. त्यांनी कांबळीखाली हात घातला. एक अंडं. दुसरं. तिसरं. चौथं. पाचवं. कवचावरून अंगठा फिरवत राहिले.

"तडा नाही," ते म्हणाले.

वैजनाथने सोडलेला श्वास बाबांच्या दाढीला लागला.

"बाबा, मला काहीतरी सांगून तरी जा."

"हलू नकोस."

"ते कळलं. मी म्हणतो, काहीतरी. धरून ठेवण्यासारखं."

बाबा काठीवर भार देऊन उठले.

"मधून मधून फिरव त्यांना," ते म्हणाले. "एकाच कुशीवर ठेवू नकोस."

आणि ते फाटकातून बाहेर पडले.

पायवाट चिंचेमागून वळते आणि मग हरभऱ्याच्या शेतांमधून खाली उतरते. चिंचेपर्यंत बाबा दिसले. नंतर काठीचा आवाज ऐकू आला. नंतर तोही नाही.

तांबडी पिल्लांना घेऊन कुंपणाकडे सरकली होती.

वैजनाथ बसून राहिला.

पहिल्यांदा त्याने भांडण केलं. मनातल्या मनात, मुद्देसूद. त्याच्याजवळ उत्तम मुद्दे होते. जो आधी आला त्याला सगळं, आणि जो उशिरा आला त्याला कोंबड्या, हा कुठला न्याय? सत्य काय रांगेने मिळतं? दिवे लावणारे म्हातारे मरतच राहणार. माणूस जिवंत शिष्य सोडून मेलेल्या गुरूकडे जातो, याला काय म्हणायचं? मुद्दे इतके चांगले होते की ते मांडताना त्याचा हात वर गेला, आणि मांडीत काहीतरी सरकलं.

हात खाली आला.

त्याने अंडी फिरवली. एकेक.

मग मुंगी आली. मोठी, काळी. पाठीवरून मानेवर चढली आणि कानामागे थांबली. तिला बसायला तीच जागा सापडली. वैजनाथने मान हलवली, खांदा उडवला, फुंकर मारून पाहिली. मुंगी आपल्या सवडीने कानाच्या पाळीवर गेली, चावली आणि उतरली.

ऊन सरकलं. चिंचेची सावली त्याच्या गुडघ्यावर आली. तो बूड घासत, वीतभर, मग आणखी वीतभर, उन्हामागून सरकला. दोन्ही हात कांबळीखाली. कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं, असा विचार त्याच्या मनात आला. मग पुन्हा सरकायची वेळ झाली आणि तो विचार राहून गेला.

अंडी आता गार लागत नव्हती. किंवा त्याचे हातच तसे झाले होते. कोण कुणाला ऊब देतंय, ते सांगता येत नव्हतं.

चार वाजून गेले असावेत. स्टँडच्या बाजूने एसटीचा हॉर्न आला. एक लांब.

एसटी हा हॉर्न गावात शिरताना देते. मग ती पारापाशी वळते, पाच-सात मिनिटं थांबते. कंडक्टर चहा पितो. मग दुसरा हॉर्न.

पाच-सात मिनिटं. बांधावरून पळालं तर सहा.

त्याला ते अगदी स्पष्ट दिसलं. अंडी कांबळीत गुंडाळायची. खुराड्यात ठेवायची. पळायचं. एसटीच्या खिडकीशी जाऊन उभं राहायचं. 'बाबा, कानात सांगा.' इतक्या लोकांसमोर ते नाही म्हणणार नाहीत. परत यायला फार तर वीस मिनिटं. एवढ्यात अंडी मरत नाहीत. हे त्याने शिकलेलंच होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. कोंबडीसुद्धा दाण्याला उठतेच की.

त्याने एक पाय मांडीतून सोडवला.

माघातला वारा सुटला होता. कांबळीचं टोक उडालं.

उजव्या हाताखालच्या अंड्यातून काहीतरी लागलं. आवाज नव्हता. धक्काही म्हणता येणार नाही. दारावर कुणी बोट टेकवावं आणि ठोठावण्याआधीच काढून घ्यावं, तसं काहीतरी. त्याला तसं वाटलंही असेल नुसतं.

तो तसाच बसला. एक पाय आत, एक बाहेर.

दुसरा हॉर्न झाला.

एसटी घाटाला लागल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वैजनाथने पाय परत आत घेतला. अंडी फिरवली. एकेक.

सूर्य टेकला तेव्हा फाटक वाजलं. अनसाबाई होती. डोक्याला पदर गुंडाळलेला, हात हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबीने पांढरट झालेले, आणि काखेत ढवळी. दुसऱ्या हाताने ती एक टोपली फरफटत आणत होती.

"बसा, बसा, उठू नका," ती म्हणाली. तो उठत नव्हताच. "बाबा सांगून गेले. म्हणाले, मास्तरांच्या मांडीत अंडी हायती, बिगीनं जा. मी म्हणलं, ह्ये काय खूळ! बघू."

तिने कांबळ वर केली आणि एक अंडं हातात घेऊन उलटसुलट केलं.

"ही माझी अंडी!"

"हो."

"ह्या रंगाची माझ्याच कोंबडीची. आन् मी ती त्यांना खोकल्यासाठी दिलती! सहा दिस रोज विचारायची, बाबा पिलात का? व्हय म्हणायचे. फकीर मानूस आन् खोटं बोलतो!" तिने अंडं परत ठेवलं. ठेवताना हात हलका होता. "खोकला गेला कसा मग?"

"मला माहीत नाही, मावशी."

"तुमाला माहीत न्हाई, आसं पयल्यांदा ऐकलं."

वैजनाथ ढवळीकडे पाहत होता. ती काखेतून मान काढून गुरगुरत होती. सगळी पिसं फुललेली.

"ही मोडली नाही?" त्याने विचारलं.

"तुमच्या त्या टांगत्या पाळण्यात? काल सांजेलाच उतरवली मी तिला. वाऱ्यानं पार काकडली होती. पेंढा नको, आडोसा नको... आन् आमचं पीस म्हंजी छळ! उतरवली तशी गेली ती थेट चुलीमागं. तितं दोन कांदे पडलेते. त्यांवर बसली."

"कांद्यांवर?"

"रातभर. सकाळी कांदे काढाय गेले तर ही टोच मारली." तिने मनगट दाखवलं.

तिने टोपली खुराड्यात ठेवली, तिच्यात पेंढा पसरला, मध्ये मुठीने खळगा केला. मग एकेक अंडं वैजनाथच्या मांडीतून उचलून त्या खळग्यात ठेवलं. पाच झाली. वैजनाथचे हात अजून कांबळीखालीच होते, रिकामे.

"कोळसा आना," ती म्हणाली.

"कशाला?"

"रेघ मारायला. पुन्ना कुनी काय सरकवलं तर कळाय नको?"

त्याला उठायला वेळ लागला. दोन्ही पाय बधिर झाले होते. तो चुलीतला कोळसा घेऊन लंगडत आला आणि वाकून पाचही अंड्यांवर एकेक रेघ मारली. शेवटची जरा लांब झाली.

अनसाबाईने ढवळीला अंड्यांवर सोडलं आणि पदराने खुराड्याच्या तोंडाशी आडोसा केला.

ढवळी उभीच राहिली. मान तिरकी करून तिने खाली पाहिलं. एका अंड्याला चोच लावली. मग एक पाऊल मागे घेतलं.

अनसाबाईने पदर आणखी ताणून धरला.

मग तिने छाती खाली आणली. थोडी. पुन्हा उठली. चोचीने एक अंडं पोटाखाली ओढलं. दुसरं ओढलं. अंग उजवीकडे हलवलं, डावीकडे हलवलं, आणि हळूच पसरून बसली. पांढऱ्या पिसांखाली पाचही दिसेनाशी झाली.

"बसली," अनसाबाई म्हणाली.

वैजनाथ खुराड्यासमोर गुडघे टेकून होता. दुपारी होता तिथेच. भिंतीवर त्याचा पहिला नियम अजून वाचता येत होता. उद्यापासून रोज एकदा तरी तिला उचलून खाली बघावं लागेल, असं त्याच्या मनात आलं. पण तो बोलला दुसरंच.

"मावशी, ही मधेच उठली तर?"

अनसाबाई पदर झटकून उठली. हात कमरेवर ठेवून तिने एकदा ढवळीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्याच्या सदऱ्याचा घोळ अजून वर ओढलेलाच होता.

"उठली तर उठली," ती म्हणाली. "तुमी हायतच की. दुपारपास्नं दुसरं काय करत होतात?"